बाहेरून पाहणारं कोणीतरी

पाठक सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला माझ्याच ऑफिसात आत येऊ दिलं नव्हतं.

मलकापूरला आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आहे. तिथं संगणक विभागात रुजू व्हायला मी गेले, तर सर्व्हरच्या खोलीच्या दारात एक उंच, खांद्यात जरा वाकलेला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला माणूस उभा होता. मी नेमणुकीचं पत्र पुढं केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, होती तशीच घडी घातली आणि परत दिलं.

"पत्र खरं आहे, मॅडम. पण या खोलीत कोणी यायचं ते ठरलेलं आहे. त्यात तुमचं नाव अजून चढलं नाही. तोवर बाहेर बसा."

"सर, मी इथंच काम करणार आहे."

"उद्या कराल. आज बाहेर बसा."

मी साखरखेर्ड्याची. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली आणि पदवी घेऊन निघालेलीही पहिलीच. हे मी कोणालाही सांगते, त्यात लाजायचं काय? पण त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून वाटलं, एवढं शिकून शेवटी दाराबाहेरच. दुपारी पाठक सर स्वतः दोन कप चहा घेऊन बाहेर आले. एक मला दिला आणि दुसरा घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"राग आला?"

"आला."

"येऊ द्या. उद्या तुम्हीही कोणाला तरी असंच बसवाल."

मुकुंद पाठक हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे जळगाव जामोदचे. वडील तिथल्या एका राममंदिराचे पुजारी होते, भिक्षुकीही करत. घर मंदिराला लागूनच. मुलानं पूजा सोडून कॉम्प्युटर धरला, ही गोष्ट त्या घराला पचायला बरीच वर्षं लागली असं ऐकून होते. वडील गेले. आई मंदिर सोडून मलकापूरला यायला तयार नव्हती, कारण देवाचा दिवा कोण लावणार? आणि सरांना सर्व्हर सोडून तिकडं राहता येत नव्हतं. कापूस बाजाराच्या मागं एका खोलीत ते एकटे राहत. लग्न झालेलं नव्हतं. त्याबद्दल ते काही बोलत नसत आणि त्यांच्या बोलण्यात इतका बंदोबस्त असे की विचारायची कोणाची छाती होत नसे.

आमच्या कामाची पद्धत थोडक्यात सांगते, नाहीतर पाठक सर कळायचे नाहीत. आमच्या शाखांमधल्या टेबलांवर खरे कॉम्प्युटर नाहीत. स्क्रीन आहे, कीबोर्ड आहे आणि तळहाताएवढी एक डबी आहे. खरे कॉम्प्युटर सगळेच्या सगळे मलकापूरच्या त्या खोलीतल्या मोठ्या मशीनच्या पोटात चालतात. शाखेतल्या माणसाला समोर दिसतं ते इथल्या कॉम्प्युटरचं चित्र. आता बाहेरगावाहून, इंटरनेटवरून कोणी आत येणार म्हटल्यावर दारात कोणीतरी पाहिजे. त्यासाठी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक सर्व्हर उभा करतात. तो सिक्युरिटी सर्व्हर. तो लावणं, जोडणं आणि राखणं हे पाठक सरांचं काम.

संचालकांना आधी हे पटत नव्हतं. एवढं मोठं मशीन घेतलं, आता बाहेर आणखी एक कशाला? आमचे अध्यक्ष दादासाहेब, त्यांची कापसाची जिनिंग मिल आहे. बैठकीत सर त्यांना म्हणाले, "दादासाहेब, तुमच्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार आहे नं?"

"हाय."

"त्याच्याजवळ तिजोरीची चावी असते?"

"पागल झाले का तुम्ही? त्याच्याजवळ काऊन देऊ?"

"बस. हा तसाच. याला आतलं काही माहीत नसतं. कोण, कुठून, कशाला, एवढंच विचारतो. आतून हो आलं तर सोडतो. उद्या कोणी याला पकडून नेलं तरी आपलं काही जात नाही."

"मंग असं सांगा नं सरळ," दादासाहेब म्हणाले, आणि मंजुरी झाली.

कोण, कुठून, कशाला. हे तीन प्रश्न सरांच्या तोंडात बसले होते. फोन उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही, एकदम "कोण?" समोर मॅनेजर इंगळे साहेब असले तरी "कोण?" इंगळे साहेबांचा मुलगा पुण्याला इंजिनिअर. त्याला एकदा आपली यंत्रणा बाहेरून कशी दिसते ते पाहायचं होतं, दोन मिनिटांसाठी. सर म्हणाले, "त्याला म्हणावं सुट्टीत ये, चहा पाजतो." दोन मिनिटं काही दिली नाहीत. इंगळे साहेब बरेच दिवस फुगून होते.

बाहेरचा सर्व्हर आतल्या सर्व्हरशी जोडताना एक गंमत असते. आतल्या मशीनवर एक पासवर्ड तयार करायचा. त्याला थोडाच वेळ आयुष्य. तेवढ्यात बाहेरच्या मशीनवर तो टाकला तर जोडी जमते, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. दोन मशीन दोन खोल्यांत, मधे काचेची भिंत. मी आत, सर बाहेर. पहिल्या वेळी माझी बोटं अडखळली आणि वेळ निघून गेली. सर काचेपलीकडून शांतपणे म्हणाले, "मुहूर्त टळला. पुन्हा काढा." दुसऱ्या वेळी मी पासवर्ड तयार करताच त्यांनी एका लयीत, अगदी भिक्षुकाच्या सुरात म्हटलं, "सावधाऽन." शेवटी रक्तच ते. तेव्हापासून अशी जोडणी असली की सर सावधान म्हणत आणि आमचे शिपाई गजाननभाऊ दारात येऊन उभे राहत.

एकदा शाखा वाढल्या म्हणून दुसरा सर्व्हर जोडायचा होता. सर सावधान म्हणाले आणि गजाननभाऊंनी खिशातून मूठ काढून दोन्हीकडं अक्षता टाकल्या. कुंकू लावलेल्या, खऱ्याखुऱ्या. सर्व्हरच्या जाळीतून तांदूळ आत गेले आणि पंखा कडकड वाजायला लागला.

"हे काय केलं हो?" सरांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"तुम्हीच म्हणता नं सावधान," गजाननभाऊ म्हणाले. "मले वाटलं, आपण कोरड्या हातानं काऊन उभं राहावं?"

मशीन बंद करून, उघडून, सर दुपारभर चिमट्यानं एकेक दाणा वेचत बसले. गजाननभाऊ बॅटरी धरून उभे. काही वेळानं सर स्वतःशीच हसायला लागले. "बाबा असते तर म्हणाले असते, लग्न लागलं, पंखा गेला तर गेला." वडिलांचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नियम ते स्वतःलाही लावत. फोनवर कोणाचाही पासवर्ड बदलून द्यायचा नाही, माणूस समोर पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. एकदा जळगाव जामोदला गेले असताना त्यांचंच खातं अडकलं. मला फोन आला. आवाज त्यांचाच, शंका नव्हती. मी म्हटलं, "कोण?"

"पाठक."

"सर, इथं यावं लागेल."

मग म्हणाले, "येतो." नांदुऱ्यावरून एसटी बदलत, धुळीनं माखून दुपारी आले. माझ्यासमोर उभे राहिले, पासवर्ड बदलून घेतला. "शाब्बास," म्हणाले. तेवढंच. पण पदवीच्या दिवशी जो आनंद झाला होता, त्याच्या जवळपासचा आनंद मला त्या एका शब्दानं झाला.

या कामात एक अडचण मात्र अशी आहे की ती आतल्या माणसाला सोडवताच येत नाही. फाटक नीट चाललं आहे की नाही ते आतून कळत नाही. आतून सगळं छानच दिसतं. त्यासाठी बाहेरून पाहणारं कोणीतरी पाहिजे, जे रोज दार वाजवेल आणि सांगेल, उघडलं की नाही, पडद्यावरचं कुलूप हिरवं दिसलं की लाल. इतरांच्या घरी बायको असते, भाऊ असतो. सरांच्या खोलीवर कोण होतं? आधी ते स्वतः कापूस बाजाराजवळच्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसत. मग त्यांनी आईला शिकवलं.

ही गोष्ट मला कळली ती मी जळगाव जामोदच्या शाखेत डब्या बसवायला गेले तेव्हा. सरांनी आईसाठी औषधाची पिशवी दिली होती. काकूंना ऐकू जवळजवळ येत नव्हतं, त्यामुळं फोनवर बोलणं कधीचंच बंद झालेलं. मोबाईलवरची अक्षरं दिसत नसत आणि बोट थरथरून भलतीकडंच लागे. पण सरांचा जुना लॅपटॉप, मोठ्या अक्षरांचा, त्यांना जमला होता. मी गेले तेव्हा काकू अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कुठं बाहेर निघाल्यासारख्या तयार होत्या. मला हातानंच थांब म्हणाल्या. चौरंगावर लॅपटॉप ठेवला, पदरानं पुसला, चष्मा लावला आणि बसल्या. नाव टाकलं: बाहेर-१. पासवर्ड टाकला. पडद्यावर मलकापूरचा एक रिकामा कॉम्प्युटर उघडला. त्यात कोरं पान. काकूंनी एका बोटानं लिहिलं, "हिरवे आहे. आत आले."

थोड्या वेळानं त्याच पानावर खाली अक्षरं उमटली. सर मलकापुरातून लिहीत होते. "बरं. गोळी?"

"घेतली. पोरगी आली आहे. बारीक आहे."

"जेवू घाल."

काकूंनी पान मिटलं, तो कॉम्प्युटर बंद केला, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात मला म्हणाल्या, "झाली माझी ड्यूटी." मग वाढता वाढता म्हणाल्या, "माझ्या माहेरी कोणी बाई नोकरीत नव्हती, सासरीही नव्हती. मीच पहिली."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. हे वाक्य माझं होतं.

चोरून काहीच नव्हतं. सरांनी अध्यक्षांची रीतसर मंजुरी घेतली होती. बाहेर-१ या खात्यातून संस्थेचा एक आकडाही दिसत नसे. आणि खरं सांगायचं तर काकूंची तपासणी कामाची होती. एकदा सर्व्हरच्या ओळखपत्राची, म्हणजे सर्टिफिकेटची, मुदत संपली, ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात येण्याआधी काकूंनी लिहिलं होतं, "आज लाल आहे. मी आत गेले नाही."

त्यानंतर मला सरांची एक सवय दिसायला लागली. सकाळी आले की पिशवी न ठेवता, उभ्या उभ्याच ते स्क्रीनवर कोण कोण जोडलं गेलं आहे ते पाहत. बाहेर-१ दिसलं की मग खुर्ची ओढत.

मग सर्व्हरचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचं कळवणं आलं. आमच्या पद्धतीचा सिक्युरिटी सर्व्हर आता बंद होणार, त्याच्या जागी नवीन गेटवे बसवायचा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मोबाईलवर आलेला आकडा टाकावा लागणार. त्यासोबत ऑडिटचीही सूचना होती की बाहेरचं खातं फक्त पगारी कर्मचाऱ्यालाच असावं. नव्या नियमांचा मसुदा करायचं काम पाठक सरांकडंच आलं.

यात काकू बसत नाहीत, हे आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. इंगळे साहेब, मुलाची गोष्ट विसरून, स्वतः येऊन म्हणाले, "पाठक, काकूंचं राहू द्या. मी सही करतो. कोण पाहतं?"

"मी पाहतो नं, साहेब," सर म्हणाले. "तुमच्या मुलाला नाही म्हटलं होतं, आता आईला हो म्हणू?"

गजाननभाऊंनी तोड काढली. "सर, काकूले तिथल्या शाखेत झाडूवाली म्हणून दाखवा नं. कागदावर पगारदार होऊन जाते."

सर हसले. त्या आठवड्यात तेवढंच. "माझी आई कागदावर खोटी होईल, गजाननभाऊ. तिनं आजवर खोटं हिरवं लिहिलं नाही."

मी म्हटलं, "सर, काकूंना मोठ्या पडद्याचा टॅब घेऊन द्या. रोज तोंड पाहून बोलता येईल."

"घेतला," ते म्हणाले. "कपाटात आहे. तिला माझं तोंड नको, मॅडम. तोंड तिनं जन्मभर पाहिलं. तिला काम पाहिजे."

शनिवारी ते गावी गेले. सोमवारी परत आले. डबा खाताना मी विचारलं, "काकूंना सांगितलं?"

"लिहून दाखवलं."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. "विचारत होती, माझ्या कामात काही चुकलं का."

आईला नोकरीवरून काढायची वेळ त्या माणसावर आली होती. ती टाळायला सगळं ऑफिस मदत करायला तयार होतं, आणि एकही मदत त्याला घेण्यासारखी नव्हती.

बदल एका रविवारी दुपारी करायचा ठरला, शाखा बंद असताना. सरांनी नवा गेटवे उभा केला, बाहेरचा पत्ता त्याच्यावर वळवला, जुन्या सर्व्हरची जोडी मोडली. सगळं इतक्या हळू की मला वाटलं, मुद्दाम हळू करत आहेत. शेवटी बाहेर-१ चं खातं राहिलं. आतल्या मशीनवर मी बसले होते.

"बंद करा," ते काचेपलीकडून म्हणाले.

मी केलं.

पण बंद केलं म्हणजे बंद झालं असं त्यांच्या शास्त्रात नव्हतं. बाहेरून कोणीतरी दार वाजवून पाहायला पाहिजे, आणि ते उघडलं नाही पाहिजे. हे सांगणारं बाहेर कोण होतं? सरांनी काकूंच्या शेजारच्या मंदावहिनींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मंदावहिनी आमचं बोलणं काकूंना पाटीवर लिहून दाखवणार होत्या.

"वहिनी, तिला म्हणा नेहमीसारखं आत जाऊन पाहा."

पलीकडं भांड्याचा आवाज आला, मग काकूंचं खोकणं. मग बराच वेळ काही नाही. आमच्या स्क्रीनवर एक लाल ओळ उमटली. बाहेर-१, नाकारलं.

"भाऊजी," मंदावहिनी म्हणाल्या, "काकू म्हणते, आत घेऊन नाही राह्यलं. नाव बरोबर टाकलं म्हणते, दोनदा पाहिलं. बरोबर हाय का, असं विचारून राह्यली."

"बरोबर आहे म्हणा. असंच व्हायला पाहिजे होतं."

पाटीवर खडू ओढल्याचा आवाज. मग पुन्हा मंदावहिनी. "काकू विचारते, उद्या बसू का नको?"

सरांनी फोन हातात धरला होता. ते त्या लाल ओळीकडं पाहत होते. मी मनात म्हणत होते, सर, आता तरी एकदा नियम सोडा.

"वहिनी," ते म्हणाले, "तिला लिहा. उघडं दार उघडतं का ते पाहणं सोपं होतं. बंद दार बंदच आहे का, हेही रोज पाहावं लागतं. उद्या बसायचं. रोज बसायचं."

हे त्यांना आधीपासून माहीत होतं की तेव्हाच सुचलं, ते मी कधी विचारलं नाही. खोटं मात्र नव्हतं. पुढं ऑडिटरनं रोजच्या त्या एका नकाराबद्दल विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "ती आमची तपासणी आहे." ऑडिटरनं मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

तेव्हापासून काकू रोज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून बसत असणार, नाव टाकत असणार, आणि आमची यंत्रणा त्यांना परत पाठवत असणार. आता कोरं पान नव्हतं. गोळी घेतली की नाही, जेवण काय केलं, काही नाही. मलकापूरच्या बाजूनं फक्त एक लाल ओळ, आणि तिच्यासमोर उभे पाठक सर. शनिवारी ते आता न चुकता गावी जात. पण शनिवार म्हणजे आठवड्यातला एक दिवस.

मला साखरखेर्ड्याच्या शाखेत शाखाधिकारी म्हणून बढती मिळाली, त्या सकाळी मी निरोप घ्यायला सर्व्हरच्या खोलीत गेले. सर स्क्रीनसमोर उभे होते, पिशवी खांद्यालाच. गजाननभाऊंनी ठेवलेला चहा टेबलावर होता, त्यावर साय धरली होती. मी बढतीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, तुमच्याकडून फार शिकले. त्यांनी पुन्हा मान हलवली, डोळे तिकडंच. पडद्यावर शाखांची नावं एकामागून एक हिरवी होत होती. लाल काहीच नव्हतं. बाहेर गजाननभाऊ म्हणाले, "ताई, गाडी लागली तुमची," आणि तरी मी निघाले नाही. मधे एकदा सरांचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला आणि फोन न काढताच परत आला.

मग ओळ आली.

"आली," ते म्हणाले. मला नाही, कोणालाच नाही. त्यांनी स्क्रीनवर त्या ओळीवर बोट टेकवलं, दुसऱ्या हातानं कप उचलला आणि तो गार चहा उभ्यानंच, बोट न काढता, शेवटपर्यंत प्यायला.